मॅनेजरचा कान

मॅनेजरच्या कानाला वास मारत होता. आंबलेल्या पिठात मोजा बुडवून ठेवला तर येईल, तसला. पट्टीने, म्हणजे त्या घरच्या सुनेने, त्याचं डोकं मांडीत दाबून धरलं, बोटाला कापूस गुंडाळला आणि कानात आतपर्यंत फिरवला. कापूस चॉकलेटी होऊन बाहेर आला. मॅनेजर कण्हला आणि मान वळवून तोच हात चाटायला लागला.

"हळू, सूनबाई," खुर्चीतून सासरे म्हणाले. "साहेब आहे तो."

मॅनेजर म्हणजे कुत्रा. सासऱ्यांनी उभी हयात कारखान्यात एका मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं, त्याला तेच नाव ठेवलं आणि दिवसभर त्याला "ऊठ, बस, तोंड बंद" असं सुनावायला लागले. हौस फिटली, पण तोवर जीव जडला होता. आता त्यांचे हात थरथरायचे, कानात थेंब पडायच्या ऐवजी डोळ्यात पडायचे, म्हणून ते काम सुनेकडे आलं. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. घरात हे तिघंच.

आदल्या संध्याकाळी ती सासऱ्यांसोबत मॅनेजरला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. कान घाण झालाय एवढंच तिला वाटत होतं. डॉक्टरने कानातला मळ काचेवर घेतला, खाली पेटती काडी फिरवून जरा तापवला, रंग टाकला आणि टेबलावरच्या दुर्बिणीतून बघत म्हणाला, "भरलंय नुसतं. ही बुरशी आहे. यीस्ट. कातडीच्या तेलावर जगते. असते सगळ्यांच्याच अंगावर, तुमच्या-माझ्याही. कातडी बिघडली की माजते." मग सासऱ्यांच्या कोटाच्या खांद्यावर पडलेला कोंडा बघून हसला. "आजोबा, तुमचा कोंडासुद्धा हिच्याच भावकीतला. कुत्र्याची जात वेगळी, माणसाची वेगळी, पण भावकी एकच."

"म्हणजे मॅनेजर माझा नातेवाईक निघाला," सासरे म्हणाले. "नोकरीत कळलं असतं तर बढती मागितली असती."

पट्टी हसली नव्हती. ती तेव्हापासून स्वतःच्या बोटांचा वास घेत होती.

ती नर्स होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात. पट्टी हे नाव वॉर्डातल्या पोरींनीच ठेवलेलं, कारण चिकटपट्टी लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. या बाळांच्या शिरा केसासारख्या. दंडातून आत सरकवलेली बारीक नळी, तिला तिथे लाइन म्हणतात, ती जागेवर राहते ती फक्त वरच्या पट्टीच्या जिवावर. पट्टी सैल पडली तर नळी निसटते, घट्ट बसली तर काढताना कातडी सोलून निघते. कातडी कसली, दुधावरची साय. रबरी हातमोजे घालून पट्टी लावायला गेलं की ती मोज्यालाच चिकटते, म्हणून सगळ्या जणी तेवढ्यापुरता मोजा काढत. आणि उघड्या बोटालाही पट्टी चिकटू नये म्हणून हिने एक युक्ती काढली होती. बोटाच्या टोकाला मलमाचा पुसटसा हात लावायचा. पट्टी बोटावरून अलगद सुटते आणि बाळाच्या कातडीवर जाऊन बसते.

मलमाचा डबा बेसिनखालच्या खणात असायचा, सगळ्यांचा मिळून एक. नियमात बसत नव्हतं. पण हात धुवा, हात धुवा, अशा पाट्या भिंतीभर लावणाऱ्यांनी धुणाऱ्या बाईच्या कातडीचं काय होतं याची पाटी कुठे लावलेली नसते. शिफ्ट संपेपर्यंत बोटांना भेगा पडायच्या, त्यात सॅनिटायझर गेलं की डोळ्यात पाणी. मग ज्या त्या येऊन डब्यात बोट घालायच्या. मेट्रनबाईसुद्धा.

त्या सकाळी ती वॉर्डात आली तेव्हा चिमूट अजूनही तापलेलीच होती.

चिमूट म्हणजे खिडकीकडच्या पेटीतली मुलगी. खरंच चिमटीत मावेल एवढी. आईचं दूध अजून पोटात टिकत नव्हतं म्हणून तिला लाइनमधून जेवण चालू होतं. एका पंपातून साखरपाणी, दुसऱ्यातून पांढरं, दुधासारखं दिसणारं चरबीचं सलाइन. गेल्या आठवड्यापर्यंत वजन वाढत होतं. आता ती श्वास घ्यायला विसरत होती. मॉनिटर ओरडायचा, कोणीतरी तळपायाला टिचकी मारायचं, मग तिला आठवायचं. रक्त तपासायला पाठवलं होतं, परत पाठवलं होतं, लॅबच्या बाटलीत काही उगवत नव्हतं. अँटिबायोटिक बदलून झाली होती.

आणि दंडावरची ती पट्टी सुबक होती. पट्टीनेच लावलेली. चारही कोपरे बसलेले, एक सुरकुती नाही.

तिने पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि तसाच बाहेर घेतला. नाकाशी नेला. साबण. फक्त साबण. की त्याखाली ते आंबट काहीतरी आहे?

"काय गं, सारखी हुंगतेस?" शेजारची लांबडी म्हणाली. ही उंच पोरगी तिच्याच शिफ्टला असायची. "नवऱ्याने अत्तर पाठवलंय वाटतं."

"फिनेल पाठवलंय," पट्टी म्हणाली. "तुझ्या तोंडात घालायला."

दहा मिनिटांत मॅडमनी सगळ्यांना बेसिनपाशी बोलावलं. मॅडम म्हणजे वॉर्डच्या डॉक्टर. बाई ओरडणारी नव्हती. ती हळू बोलायला लागली की पोरी घाबरायच्या. आज ती फार हळू बोलत होती.

"मला बुरशीची शंका आहे. कातडीवरचं यीस्ट. त्याला जगायला चरबी लागते आणि आपण त्या नळीतून चरबीच सोडतोय. लॅबला प्लेटवर तेल सोडून बघायला सांगितलंय, यातल्या काही जाती त्याशिवाय उगवत नाहीत. पण त्याला वेळ लागणार, आणि तिच्याकडे वेळ नाहीये. औषध मी सुरू करते. पण नळीच्या आत त्याने घर केलं असेल तर नुसत्या औषधाने ते हलत नाही. नळी काढावी लागते." ती थांबली. "ती नळी मिळायला आम्हाला किती त्रास झाला ते तुम्ही बघितलंय. शंकेवर काढली आणि दुसरी शीर नाही मिळाली, तर मी तिला उपाशी मारलं असं होईल. ठेवली आणि शंका खरी असली, तर मी तिला रोज तेच पाजतेय. म्हणून एक विचारते. अशा बाळांना ही बुरशी कधीकधी घरच्या कुत्र्यांकडून येते. म्हणजे आपल्या हातांवरून. कोणाच्या घरी कुत्रं आहे? कान सडलेलं, अंग खाजवणारं?"

पोरी बेसिनच्या नळाकडे बघत राहिल्या.

"माझ्याकडे मांजर आहे," लांबडी म्हणाली. "आणि सासू आहे. ती पण खाजवते."

एरवी हशा झाला असता. मॅडमनी एकेकीकडे पाहिलं. पट्टीचे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. तोंड उघड, ती स्वतःला म्हणाली. तोंडात जीभ होती, ती टाळूला चिकटून बसली.

"विचार करा," मॅडम म्हणाल्या. "मला कोणाला फासावर द्यायचं नाहीये. मला फक्त ठरवायचंय."

मॅडम गेल्या आणि मेट्रनबाई पुढे आल्या. "त्यांना ठरवायचंय, आणि निस्तरायचं आपल्याला," त्या म्हणाल्या. "मागे जुलाबाची साथ आली तेव्हा एक पोरगी मोठ्या मनाने म्हणाली, माझंही पोट बिघडलं होतं. कुठे आहे ती आता? पेपरात फोटो आला तिचा. डॉक्टरांचा आला? इथे कोणाकडे कुत्रं नाही. कळलं?" मग खाली वाकून त्यांनी खणातला मलमाचा डबा उचलला, पदराखाली घेतला आणि कपाटाला कुलूप लावलं.

पट्टीला तेव्हा मेट्रनचा राग आला नाही, हेच वाईट. तिला बरं वाटलं. कोणीतरी वरच्या माणसाने गप्प राहायचा हुकूम दिला की गप्प राहणं किती सोपं होतं.

दिवसभर ती चिमूटकडे गेली नाही. दुसऱ्या पेट्यांकडे गेली, कोपरापर्यंत हात घासून गेली, आणि प्रत्येक पेटीपाशी तिला वाटत राहिलं की आपण इथेही काहीतरी ठेवून चाललोय. चिमूटची आई पेटीजवळच्या स्टुलावर बसून होती. काळजीने माणसं बडबडतात, ही बडबडत नव्हती. एकदाच म्हणाली, "सिस्टर, आज तुम्ही इकडे नाही आलात?"

"कामं आहेत," पट्टी म्हणाली.

घरी आल्या आल्या तिने पायातली चप्पलही काढली नाही.

"बाबा, मॅनेजरला कुठेतरी ठेवायला लागेल."

सासरे मॅनेजरच्या पाठीवर हात ठेवून बातम्या बघत होते. "कुठेतरी म्हणजे?"

"म्हणजे घराबाहेर. वॉर्डात एक बाळ सिरियस आहे. याच्या कानातली घाण माझ्या हातावरून गेली असेल."

"असेल की गेलीय?"

"मला काय माहीत, मी काय दुर्बीण लावून बसलेय?" ती ओरडली, आणि मॅनेजर टेबलाखाली गेला. "तुमचा तो लाडका साहेब. तुमचे हात थरथरतात म्हणून मी घातले त्याच्या कानात हात. माझी हौस नव्हती."

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"नोकरी जाईल म्हणून. फोटो येईल म्हणून. आणखी काय ऐकायचंय?"

"मग कुत्र्याला कशाला हाकलतेस? त्याने काय लपवलंय?"

म्हातारा शहाणपणा शिकवत नव्हता, त्याला कुत्रं वाचवायचं होतं. टेबलाखाली वाकून त्याने मॅनेजरचा पट्टा हातात गच्च धरला होता, जणू ती आत्ताच ओढून नेणार होती. तिला दोघांचीही चीड आली आणि सगळ्यात जास्त या गोष्टीची आली की म्हातारा बरोबर बोलला होता. ती मोरीत गेली आणि घासणीने हात घासत बसली. भेगांतून रक्त आलं तेव्हा थांबली. मग हाताचा वास घेतला. आता लोखंडाचा येत होता.

सकाळी वॉर्डाचं दार ढकललं तेव्हाच तिला ते ऐकू आलं. मॉनिटरचा नेहमीचा ओरडा नाही, सलग एक सूर. चिमूटच्या पेटीचं झाकण उघडं होतं. मॅडम दोन बोटांनी तिची छाती दाबत होत्या आणि लांबडी तिच्या नाकातोंडावर बोटभर मास्क धरून फुगा दाबत होती. आई भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात तोंडावर. सूर तुटला. टिक. टिक. चिमूट निळसरची करडी झाली आणि करडीची हळूहळू गुलाबी.

मॅडम मागे झाल्या. त्यांनी लाइनकडे पाहिलं, मग पंपाकडे, मग पुन्हा लाइनकडे.

"लॅबचं काही?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"अजून नाही. काढू की नको, काही कळत नाहीये मला."

"माझ्याकडे कुत्रं आहे," पट्टी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मेट्रनबाईंचे डोळे असे झाले की तिथेच तिला पुरून वर फरशी बसवावी.

"कान सडलाय त्याचा. परवा संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरने दुर्बिणीतून बघितलं, यीस्टने भरलाय म्हणाला. पण वास त्याच्या कितीतरी आधीपासून येतोय. रोज सकाळी मी हाताने साफ करते आणि इथे येते. ही लाइन मी बांधलीय, हातमोजा काढून." जीभ एकदा सुटली ती थांबेना. "आणि बोटांना मलम लावून. मलमाचा डबा आहे आमचा. सगळ्या माझ्याकडूनच शिकल्यात ते. कपाटात आहे डबा, मेट्रनबाईंकडे किल्ली आहे."

"तू शुद्धीवर आहेस का?" मेट्रनबाई म्हणाल्या.

मॅडमकडून शिवी नाही, शाबासकी नाही. त्या पंपाकडे गेल्या आणि पांढरं सलाइन बंद केलं. "लाइन काढतेय," त्या म्हणाल्या. "टोक कापून लॅबला द्या, तेल घालून लावायला सांगा. सगळ्यांच्या हातांचे स्वॅब घ्या. माझेसुद्धा. आणि तो डबा."

पट्टी बाजूला सरकली. तिला वाटलं आता आपण इथून निघायचं, खाली जाऊन राजीनामा की काय ते द्यायचं. पण मॅडम दुसरी शीर शोधायला बसल्या होत्या. पायाची गेली. दुसऱ्या पायाची फुटली. निळा ठिपका उठला. मग डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर, एक शीर सापडली. मॅडमनी श्वास रोखला आणि सुई आत गेली. रक्ताचा टिपूस मागे आला.

"धरलंय मी," त्या मान न वळवता म्हणाल्या. "मला हात हलवता येणार नाही. पट्टी, ये. मोजे घालून."

"मॅडम, लांबडीला..."

"लांबडीचा हात जड आहे. ये म्हटलं ना."

तिने हात धुतले, कोपरापर्यंत, मोजे चढवले. पट्टीचा तुकडा कापला. तो अंगठ्याला चिकटला. दुसरा कापला, तो स्वतःवरच दुमडला. लांबडी न सांगता तुकडे कापून पुढे करत राहिली आणि ती एकामागून एक वाया घालवत राहिली. जे काम ती गप्पा मारत करायची, त्याला आता घाम फुटत होता. शेवटी एक तुकडा तिरका बसला. त्याच्यावर दुसरा, सुरकुतलेला. एक कोपरा मोज्याच्या रबराचा कण घेऊनच खाली बसला. मॅडमनी हळूच बोट सोडलं. सुई राहिली.

लॅबच्या प्लेटवर तेलाखाली ते उगवलं. पांढुरके, मळकट ठिपके. लाइनच्या टोकातही तेच, रक्तातही तेच. जात कुत्र्याचीच निघाली. पट्टीच्या बोटांवर सापडलं. लांबडीच्याही, जिच्या घरी मांजर होतं. डब्यात तर होतंच. मेट्रनबाईंच्या उजव्या हातावरही सापडलं. त्या म्हणाल्या, लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या.

चौकशी लागली ती पट्टीच्या एकटीच्या नावाने. डबा तिचा नव्हता, युक्ती तिची होती, आणि चौकशीला एक माणूस पुरतो. मेट्रनबाईंना साक्षीला बोलावलं. हा न्याय कोणत्या दुर्बिणीतून दिसतो ते पट्टीला कळलं नाही आणि तिने तसं त्या समितीला तोंडावर विचारलंही. निकाल लागेपर्यंत कामावर राहायला सांगितलं, कारण तिच्या जागी यायला कोणी नव्हतं. मॅनेजर घरीच होता. त्याच्या कानात आता सासरे स्वतः औषध घालायचे, थरथरत्या हाताने, निम्मं त्याच्या नाकावर. तिच्यासाठी त्यांनी दारात हात धुवायला एक बादली ठेवली होती आणि मॅनेजर जवळ आला की ते खुर्चीतून ओरडायचे, "साहेब, लांब. बाईंना ड्युटीवर जायचंय."

चिमूटचा ताप उतरत होता. एकदम नाही. उतरायचा, मग परत चढायचा. मग चढणं कमी झालं. एका दुपारी ती पेटीपाशी आली तेव्हा आई आत वाकून बघत होती.

"ही पट्टी कोणी लावलीय?" आई म्हणाली. "किती वेडीवाकडी. आधीची छान होती."

"दोन्ही मीच लावल्यात."

आई हसली. तिला तो विनोद वाटला. मॅडमनी तिला इन्फेक्शनबद्दल सांगितलं होतं, पण कुठून आलं ते वरच्या साहेबांनी सांगू नका म्हटलं होतं. तोंडी हुकूम, लेखी काही नाही. पट्टीला तो हुकूम माहीत होता.

"त्या छान पट्टीखालून हिला आजार गेला," ती म्हणाली. "माझ्या बोटांवरून. आमच्या घरी कुत्रा आहे, त्याच्या कानात जी बुरशी होती ती. मी साबणाने हात धुवून यायचे, मग आमच्या डब्यातलं मलम लावायचे, आणि मोजा काढून हिची नळी बांधायचे. मॅडमनी कुत्र्याचं विचारलं तेव्हा मी गप्प बसले. एक दिवस. मग सांगितलं."

आईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यात कोणी नव्हतं. तिने पट्टीच्या हातांकडे पाहिलं. भेगा पडलेले, घासून लाल झालेले हात.

"त्या एका दिवसात तिचा श्वास बंद पडला," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही हिला हात लावू नका."

"बरं," पट्टी म्हणाली आणि मागे झाली.

दोघी तशाच उभ्या राहिल्या, मध्ये पेटी. चिमूटने पाय झाडला. तळपायाला चिकटपट्टीने बांधलेली मॉनिटरची चिमटी सुटली आणि मॉनिटर ओरडायला लागला. आईने पाठीमागे पाहिलं. लांबडी पलीकडच्या पेटीत दोन्ही हात घालून अडकलेली. मॅडम ऑपरेशनला. मेट्रनबाई मीटिंगला. मॉनिटर ओरडतच होता. तो ओरडा खोटा आहे हे पट्टीला माहीत होतं, आईलाही आता एवढं कळत होतं, तरी तिच्या मानेची शीर ताठली होती.

पट्टी हलली नाही. हात खिशात.

"मोजे घाला," आई म्हणाली.

ती बेसिनकडे वळली.

"दोन-दोन घाला," आई मागून म्हणाली.

तिने हात धुतले. मोजा चढवला, त्यावर दुसरा. आई पेटीच्या काचेला नाक टेकवून तिची बोटं बघत होती, एकेक. पट्टीने तुकडा कापला आणि तो अंगठ्याला चिकटला.